बाहेरून आणलेला मजकूर

“हे पुस्तक तुम्हीच तयार करता ना?”

बाई दारातच उभ्या होत्या. चपला त्यांनी जिन्यात काढून ठेवल्या होत्या. आमच्या ऑफिसात कुणी चपला काढत नसे. पण खाली तंतुवाद्यांचं दुकान होतं, ओट्यावर सतारीचे भोपळे वाळत पडलेले असायचे, आणि नवखी माणसं तिथपासूनच पाऊल जपून टाकत वर यायची. बाई पंचेचाळिशीच्या असतील. फिकट निळी साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि डोळ्यांवर कोरा करकरीत चष्मा. तो अजून नाकावर बसला नव्हता. बोलताना त्या सारखा बोटानं वर सारत होत्या.

त्यांच्या हातात आमची औषध-पुस्तिका होती. मिरजेतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलसाठी आम्ही ती करायचो. त्या हॉस्पिटलचे जतच्या बाजूला गावोगावी छोटे दवाखाने होते, आणि डॉक्टर नसेल तेव्हा तिथल्या सिस्टर ह्याच पुस्तकात बघून औषध द्यायच्या.

“हो, आम्हीच. या ना, बसा.”

“बसत नाही ताई. एवढंच विचारायचं होतं.” त्यांनी काडी घालून ठेवलेलं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. “ह्या पानावर खाली ही चौकट आहे बघा. ही पहिल्यापास्नं होती का?”

उलट्या थांबवायच्या एका इंजेक्शनचं ते पान होतं. चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं : दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. श्वास बंद पडू शकतो.

उत्तर मला माहीत होतं. त्या पानावर ती चौकट मीच आणली होती, महिनाभरापूर्वी. मी तोंड उघडणार तोच मागच्या खोलीतून नरगुंदे सर बाहेर आले.

“होती,” ते म्हणाले. “पहिल्यापासून होती.”

बाईंनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पानाकडे बघत राहिले.

“सगळे असंच म्हणतात,” त्या हळूच म्हणाल्या. पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं. “बरं. तुम्हाला त्रास दिला.”

जिन्यावर त्यांची पावलं वाजली आणि मग वाजायची थांबली.

“सर, ती चौकट तर आपण मागच्या महिन्यात…”

“पद्मजा, कामाला लाग.”

सर माझ्याशी कधी असं बोलले नव्हते. पॉलिटेक्निकमध्ये ते मला शिकवायला होते. पुढे नोकरी सोडून त्यांनी हा धंदा काढला : पुस्तकाचा मजकूर एका साध्या फायलीत ठेवायचा, आणि त्याला साचा लावून छापायची पानं आपोआप तयार करायची. ह्या साच्याच्या भाषेला एक्सएसएलटी म्हणतात. बाकी सगळे ‘टेम्प्लेट’ म्हणायचे, सर मात्र हट्टानं ‘साचा’ म्हणायचे. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा शिक्षण सोडून मी घरी बसणार होते. सर घरी आले, आईला म्हणाले, मुलगी हुशार आहे, उद्यापासून माझ्याकडे पाठवा. त्यांच्याकडे मी जे शिकले त्यावर आजही माझं घर चालतं.

म्हणून मी खुर्चीवर बसले. समोरच्या पडद्यावर बघत राहिले. पण मन महिनाभर मागे गेलं होतं.

त्या सकाळी सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. “बालरुग्ण विभागातल्या औषधांचे इशारे पानावर येत नाहीयेत. बघ जरा.”

मी बघितलं. खरंच एकही इशारा येत नव्हता. मोठ्यांच्या औषधांखाली चौकटी नीट येत होत्या, मुलांच्या औषधांखाली रिकामी जागा.

त्याचं असं होतं. पुस्तकाच्या मुख्य फायलीत औषधं होती, आणि सगळे इशारे त्याच फायलीच्या शेवटी एका ठिकाणी, क्रमांक देऊन लिहिले होते. कारण एकच इशारा अनेक औषधांना लागू पडायचा. औषधापुढे फक्त क्रमांक. साचा औषध घ्यायचा, क्रमांक बघायचा, फायलीच्या शेवटी जाऊन तो इशारा शोधायचा आणि चौकटीत आणून ठेवायचा. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग हॉस्पिटलनं ठरवलं की मुलांच्या औषधांची फाइल वेगळी करू, बालरोगतज्ज्ञ ती आपली आपण सांभाळतील. सरांनी साच्यात एक ओळ वाढवली : ती बाहेरची फाइल उघड, आणि तिच्यातल्या औषधांनाही हेच साचे लाव. चाललंही. औषधांची नावं आली, डोस आले, अगदी त्याच वळणाच्या अक्षरांत. पण बाहेरच्या फायलीत पाऊल टाकलं की साचा तिलाच आपलं घर समजतो. इशाराही तो तिथेच शोधायला लागतो. तिथे इशारे नव्हतेच, ते मागे मुख्य फायलीत राहिले होते. आणि शोधून सापडलं नाही तर हा साचा ओरडत नाही. चूक दाखवत नाही, थांबत नाही. काही न ठेवता गुमान पुढे जातो.

शोधायच्या आधी त्याला पुन्हा मुख्य फायलीकडे वळवायचं, एवढंच करायचं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी मी ते केलं. चौकटी धडाधड येऊ लागल्या. मी खूश होते. सर म्हणाले, “शाबास,” पण हसले नाहीत. पुस्तक घाईघाईनं पुन्हा छापायला गेलं. आवृत्तीचा आकडा बदलू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “हॉस्पिटलनं सांगितलंय, तोच राहू दे.” मला नवल वाटलं होतं. पण नवल वाटून मी डबा खायला गेले होते.

आता मात्र मी उठले.

मी पर्स उचलली. सर खोलीच्या दारातून माझ्याकडे बघत होते. त्यांनी हाक मारली नाही. मी जिना उतरले.

बाई एस.टी. स्टँडवर सापडल्या. जतच्या फलाटापाशी बाकड्यावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, चष्मा काढून हातात धरलेला. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी मला ओळखलं.

“तुम्ही सिस्टर आहात ना?”

“होते. भागीरथी ऐवळे माझं नाव. डोणेवाडीच्या दवाखान्यात होते. आता घरी बसवलंय.”

“का?”

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघून घेतलं. मग सांगायला लागल्या, जणू हे सगळं कितीदा तरी सांगून झालेलं होतं, कुठल्या शब्दानंतर कुठला येतो ते ठरून गेलेलं होतं.

“दुपारची वेळ होती. बिरू हाक्केची बायको पोरगीला घेऊन आली. दीड वर्षाची पोरगी, माया नाव. सकाळपास्नं उलट्या, मान टाकलेली. डॉक्टर मिरजेला गेलेले. मी फोन लावला. ते म्हणाले, उलट्या थांबायचं इंजेक्शन द्या, पुस्तकात बघून द्या. मी पुस्तक काढलं. मुलांच्या भागात औषध होतं. वजनाप्रमाणं डोस लिहिलेला होता. मी बोट ठेवून वाचते ताई, पहिल्यापास्नं. आमच्या मेट्रननं तशी सवय लावलीय. वाचलं, मोजून भरलं, दिलं. उलटी थांबली. आई हसली सुद्धा. म्हणाली, झोपली बघा. मी जाऊन बघते तर झोप नव्हती ती. श्वास अडकत होता. मग मी तोंडानं श्वास दिला, छाती दाबली. जीप मिळेपर्यंत दिला, जीपमध्ये दिला. जतच्या अलीकडं…” त्यांनी हात हलवला, ओढ्याच्या पाण्यात काही सोडून द्यावं तसा. “दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचे देशिंगकर साहेब आले, प्रशासनाचे. पुस्तक घेऊन गेले. म्हणाले, चौकशीला लागतंय. मग मला मिरजेला बोलावलं. टेबलावर पुस्तक उघडून ठेवलेलं. म्हणाले, वाचा. मी वाचलं. दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. एवढ्या ठळक अक्षरांत. म्हणाले, सिस्टर, हे तुम्हाला दिसलं नाही?”

फलाटावर एक गाडी लागली. माणसं धावली. बाई उठल्या नाहीत.

“मी म्हटलं, नव्हतं. ते म्हणाले, आहे की हे. मी घरी गेले. रोज आठवून बघायची. आधी आठवायचं की नव्हतं. मग आठवेनासं झालं. मग आठवायला लागलं की होतं बहुतेक, मीच घाईत पुढं गेले.” त्यांनी हातातला चष्मा माझ्यापुढे धरला. “डोळे तपासून घेतले. डॉक्टरनं नंबर काढून दिला. मी त्यांना म्हटलं, ह्या नंबरानं एवढी ठळक ओळ दिसायची राहील का हो? ते म्हणाले, ठळक असेल तर नाही राहायची. मग शेवटी वाटलं, पुस्तक करणाऱ्यालाच जाऊन विचारावं. शेजारच्या गावच्या सिस्टरकडनं पुस्तक मागून आणलं, तर त्यातही चौकट. पण ताई, एक गोष्ट आहे. त्या पानावर खाली बोटभर जागा कोरी होती. मी तिथं जीपवाल्याचा नंबर लिहून ठेवला होता. ह्या पुस्तकात त्या जागी चौकट आहे. मग मी नंबर कुठं लिहिला होता?”

मी म्हणाले, “सिस्टर, तुमचे डोळे चांगले आहेत.”

त्यांना कळलं नाही.

“ती चौकट नव्हती. तुम्ही वाचलं त्या पुस्तकात नव्हती. आमच्याकडून राहिली होती. नंतर मी ती घातली. पोरगी गेल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.”

त्या रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी चष्मा घडी करून पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग विचारलं, “हे तुम्ही तिथं सांगाल? शुक्रवारी हॉस्पिटलात माझ्या चौकशीची बैठक आहे.”

“सांगेन.”

“तुमचे साहेब?”

मी त्यांच्याकडून बैठकीची वेळ लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. ते कुणीतरी येणार म्हणून वाट बघत बसल्यासारखे बसले होते.

“तू तिला सांगितलंस,” ते म्हणाले.

“हो. तुम्हाला कधीपासून माहीत होतं, सर?”

“फोन आला तेव्हापासून. देशिंगकरांनी सगळं सांगितलं होतं.”

“आणि मला न सांगता तुम्ही दुरुस्तीला बसवलंत.”

“सांगितलं असतं तर तुझा हात चालला असता?”

सरांनी दोन्ही हात टेबलावर पसरले होते. खडू धरून धरून त्यांच्या उजव्या हाताची बोटं थोडी वाकडी झालेली होती.

“पद्मजा, पोर गेली. आता काही केलं तरी ती परत येत नाही. सिस्टरला फार तर नोकरीवरून काढतील. देशिंगकर म्हणालेत, पुढे कुठे तरी तिची सोय लावू. आणि हे बाहेर गेलं तर? हॉस्पिटलवर केस, आपल्यावर केस. इथे काम करणारी पोरं कुठे जातील? तुझ्या घरचं कसं होईल?”

“सर, ती बाई डोळे तपासून आलीय.”

“म्हणजे?”

“तुम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं की ओळ होती. तिनं ते खरं मानलं. स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं तिनं.”

सर खिडकीबाहेर बघू लागले. खाली कुणीतरी नव्या सतारीच्या तारा लावून बघत होतं. एकच स्वर पुन्हा पुन्हा चढत होता.

“जुना साचा मी पुसून टाकलाय,” ते म्हणाले. “जुन्या प्रतीही हॉस्पिटलनं परत गोळा केल्यात. तुझ्या बोलण्याला पुरावा काय?”

“माझी एक ओळ काढली की जुना साचा परत येतो, सर. ते तुम्हालाही माहीत आहे.”

त्यांनी मान हलवली. एखाद्या विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशीच. सवयीनं हलली असावी. मी नमस्कार करून बाहेर आले. त्यानंतर त्या ऑफिसात मी कामाला गेले नाही.

शुक्रवारी हॉस्पिटलच्या सभागृहात बैठक होती. लांब टेबलामागे तीन डॉक्टर. त्यातल्या मधल्या बाई, डॉक्टर तांबोळी, बाहेरून बोलावलेल्या होत्या. सांगलीच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज बारीक पण शब्द टणक. एका बाजूला देशिंगकर, त्यांच्या शेजारी नरगुंदे सर आणि मागे डोणेवाडीचे डॉक्टर व हॉस्पिटलचे बालरोगतज्ज्ञ. दुसऱ्या बाजूला भागीरथी सिस्टर, एकट्या. आणि पार मागे, भिंतीला टेकलेल्या खुर्चीवर, फेटा गुडघ्यावर काढून ठेवलेला एक माणूस. तो बिरू हाक्के होता. तक्रार त्याची म्हणून त्याला बोलावलं होतं. पण सगळे बोलत होते ते पुढे, आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

मी धाकट्या भावाचा लॅपटॉप मागून नेला होता, पुस्तकाच्या फायली आणि साच्याची माझ्याकडची प्रत त्यावर घालून. देशिंगकर मला बघताच उठले.

“मॅडम, ही मुलगी कालपरवापर्यंत ह्यांच्याकडे नोकरीला होती. भांडून गेलीय. तिच्या सांगण्याला…”

“तिला बोलू तर द्या,” तांबोळी मॅडम म्हणाल्या. “काय दाखवायचंय तुम्हाला?”

मी दाखवलं. आधी मोठ्यांचं एक औषध. पान आलं, खाली इशाऱ्याची चौकट आली. मग मुलांचं औषध, तेच इंजेक्शन. पान आलं, चौकट आली.

“हे आजचं पुस्तक,” मी म्हणाले. “आता मी महिनाभरापूर्वी घातलेली ओळ काढते. मजकूर तोच राहील. इशारा तिथेच, मुख्य फायलीत लिहिलेला राहील. फक्त साचा जसा होता तसा होईल.”

ओळ काढली. मोठ्यांचं पान पुन्हा आणलं. चौकट होती.

“ह्यात काय बदललं?” दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

“ह्यात नाही बदलणार, सर. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही. ही औषधं मुख्य फायलीतली आहेत. आता बाहेरच्या फायलीतलं बघा.”

मुलांचं पान आलं. औषधाचं नाव आलं. वजनाप्रमाणे डोस आला. त्याखाली काही आलं नाही. बोटभर कोरी जागा.

भागीरथी सिस्टर खुर्चीवरून उठून कधी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. माझ्या खांद्यावरून हात पुढे आला आणि बोट त्या कोऱ्या जागेवर टेकलं.

“हीच,” त्या म्हणाल्या. “हितं माझा जीपवाल्याचा नंबर होता.”

तांबोळी मॅडमनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं.

“नरगुंदे, ह्या म्हणतायत ते खरं आहे?”

देशिंगकर सरांच्या कानाशी काही बोलले. सरांनी त्यांचा हात बाजूला केला आणि उठून उभे राहिले. वर्गात उठायचे तसेच, टेबलाला बोटं टेकवून.

“खरं आहे. साचा माझा होता. बाहेरची फाइल जोडली तेव्हा मी फक्त औषधं येतायत का ते पाहिलं. इशारे पाहिले नाहीत. पाहायला हवे होते.” मग ते म्हणाले, “सिस्टर आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांच्याशी खोटं बोललो.”

त्यानंतर जे झालं त्याची मला अजून शिसारी येते. सभागृह सैल झालं. चहा आला. चूकच निघाली, गुन्हेगार नाही, म्हणून सगळ्यांनाच हलकं वाटलं. फोनवर औषध सांगणारे डॉक्टर म्हणाले, मी तर पुस्तकात बघा म्हटलं होतं. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, आम्ही इशारा लिहिलाच होता. छापखानेवाले म्हणाले असते, आम्हाला दिलं ते छापलं. प्रत्येकाचं खरं होतं. तांबोळी मॅडम तेवढ्या गप्प राहून लिहीत होत्या. देशिंगकर अगदी मऊ आवाजात म्हणाले, “म्हणजे ही तांत्रिक चूक धरायची. कुणा व्यक्तीचा दोष नाही.”

मागची खुर्ची करकरली.

बिरू हाक्के पुढे आला. उंच, हडकुळा, उन्हानं रापलेला माणूस. फेटा त्याच्या हातातच होता. तो टेबलासमोर उभा राहिला आणि एकेकाकडे बघून घेतलं.

“सायेब, मला समजंल असं सांगा. माझी पोर कुनामुळं गेली?”

“बाबा, संगणकात चूक झाली,” देशिंगकर म्हणाले. “एक ओळ चुकली.”

“कुठं हाय ती? दावा.”

कुणीच उठेना. मग मीच लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि साच्यातली ती जागा दाखवली. तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी ती भाषा त्याला कळली नसती. त्यानं बोट पुढं केलं, पण पडद्याला लावलं नाही.

“येवढीच?”

“हो,” मी म्हणाले.

तो सरळ झाला. भागीरथी सिस्टर त्याच्या अगदी शेजारी उभ्या होत्या. आतापर्यंत न फुटलेलं रडू त्यांना तिथे फुटलं.

“सुई मी टोचली, दादा. माझ्या हातानं. चौकट असू दे, नसू दे, हात माझाच होता.”

बिरूनं त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, पण माया तरी कुठून असणार.

“व्हय,” तो म्हणाला. “म्या रोज सकाळी उठून तुमचं नाव घेऊन शिव्या देत हुतो, बाई. मेंढरं राखताना देत हुतो. त्येवढाच आधार हुता. आता ह्ये म्हनत्यात तुमचा दोष न्हाई.” त्यानं फेटा डोक्याला गुंडाळायला सुरुवात केली आणि हात मधेच थांबले. “मग आता म्या कुनाला देऊ?”

तो फेटा तसाच अर्धवट गुंडाळून बाहेर निघून गेला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. भागीरथी सिस्टरना कामावर परत घेतलं, पण त्यांनी सुई पुन्हा हातात धरली नाही. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालायचं काम मागून घेतलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. सरांची कंपनी वर्षभरात मिटली. हॉस्पिटलवर आणि कंपनीवर केस उभी राहिली, रखडली, निकालाआधीच सर गेले. मी दुसऱ्या गावात, दुसऱ्या साच्यांवर काम करत राहिले. सरांना त्या शुक्रवारनंतर मी भेटले नाही. भेटायला जावं असं पुष्कळदा वाटलं; बसून बोलायचं काय, तेवढं सुचलं नाही.

सर गेल्यावर सिस्टर मला भेटायला आल्या, तेव्हा त्यांच्याकडून कळलं. बैठकीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सर एकटेच डोणेवाडीला गेले होते. बिरूचं घर विचारत विचारत वस्तीवर पोचले. बिरू मेंढरं घेऊन कऱ्हाडकडे उतरला होता. घरी त्याची बायको एकटी होती. सर दारात उभे राहिले आणि त्यांनी तिला आपलं नाव सांगितलं, पूर्ण नाव, गाव, कुठे राहतो ते. म्हणाले, ती चूक माझी आहे. तुमच्या मालकांना सांगा, शिव्या द्यायच्या तर ह्या नावानं द्या.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. शेजारणी जमल्या होत्या, त्यांच्यातल्या एकीनंच पुढे सिस्टरना हे सांगितलं. बैठकीला बिरूच्या बायकोला कुणी बोलावलं नव्हतं, बिरूनंही घरी येऊन काही सांगितलं नव्हतं. पोरगी आजारी होती, गेली, एवढंच ती धरून बसली होती.

तिनं विचारलं, “म्हंजी त्यो मजकूर तितं असता, तर ती सुई दिलीच नसती?”

“नसती.”

“मग वाचली असती?”

खोटं बोलायला तिथे जागा होती, आणि कदाचित ते खोटं पुण्याचं ठरलं असतं.

“होय,” सर म्हणाले. “उलट्याच होत्या. वाचली असती.”

तिनं दार लावून घेतलं.